टिटवीच्या अंड्यांभोवतीचे खडे

दादा, गेल्या रविवारी तुमच्या मळ्यात जाऊन आलो. तुमचा म्हणजे मालकांचाच. तुम्ही तिथले राखणदार आणि मी राखणदाराचा पोरगा. तुम्ही गेलात त्याला आता अकरा वर्षं होतील. गंगापूर रोडने सिटी बस हल्ली थेट तिथवर जाते. मळा शंभर वर्षांचा जुना, म्हणून मालकांच्या नातवाने तो लोकांना बघायला खुला केलाय. रविवारी सकाळी नवशिक्यांना तिथे पाखरं दाखवत फिरवतात. बँकेतल्या साहेबांनी आग्रह केला म्हणून मीही गेलो. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी, डिजिटल कॅमेरे. ज्या मचाणावरून तुम्ही दिवसभर गोफण फिरवून द्राक्षांवरची पाखरं उठवायचात, तिथे आता ती नीट दिसावीत म्हणून बाकडं टाकलंय. मला हसू आलं, पण का ते कुणाला सांगितलं नाही.

विहिरीपलीकडच्या मोकळ्या रानात टिटवी ओरडत उठली आणि सगळे तिच्या मागे निघाले. तिसरीत असताना मीही असाच पळालो होतो, आणि पायाखाली काहीतरी कचकन फुटलं होतं. तुम्ही गोफण खांद्यावर टाकून येता. मारत नाही. "लय हुशार झालास. अंड्यांपासनं लांब न्यायला ती नाचवती अन् तू नाचतो," म्हणता. "तिच्याकडं नाय बघायचं. आपल्या पायाखाली बघायचं." मग उरलेल्या तीन अंड्यांभोवती तुम्ही खडे मांडले, आणि नांगरताना बैल तेवढ्या जागेला वळसा घालून नेले. दिवसभर पाखरांवर दगड भिरकावणारा माणूस असं का करतो, हे मी कधी विचारलं नाही.

रविवारी मी जागचा हललो नाही, खाली बघत राहिलो. दोन पावलांवर चार अंडी होती, मातीच्याच रंगाची. "थांबा, इकडे पाय टाकू नका!" मी ओरडलो. पाखरं दाखवणारी मुलगी खूश झाली. "सर, तुम्हाला कसं कळलं? आधी आला होतात का इथे?"

साहेब शेजारीच उभे होते.

"नाही," मी म्हणालो. "पुस्तकात वाचलं होतं."

मग खाली बसून मी अंड्यांभोवती खडे मांडले. मला तुमची लाज वाटली होती, दादा, आणि हात मात्र तुमच्यासारखेच चालत होते.

हे पत्र कुठे टाकणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही ते कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घेतलं असतं. आता तेही होणार नाही. तरी वर 'राखणदार' लिहिण्याआधी मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.