ओल तुमच्या हद्दीत आहे

हिंजवडी, भिंतीच्या अलीकडून
मे २००३

ती. दत्तोबादादांस धाकट्या कोंडीरामाचा दंडवत. (साष्टांग घालायला भिंत आडवी येते, म्हणून कागदावरच.) गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला इकडे ऐकू येतो, म्हणून तो विचारत नाही. तेवढं डॉक्टरला दाखवा. पत्र पोस्टाने पाठवतोय. वाटणी झाली तरी पोस्टमन अजून दोन्हीकडे येतो.

रस्त्याकडेचा बंगला मी सॉफ्टवेअर कंपनीला भाड्याने दिला, हे तुम्हाला ठाऊक आहेच (पूजेला आला नाहीत, पण गच्चीवरून बघत होतात). तर तुमची पिठाची गिरणी सुरू झाली की यांचं नेटवर्क झोपतं. कंपनीतला आनंद, अकोल्याकडचा मर्यादशील पोरगा, म्हणाला की मोटारीचा विजेचा गोंगाट केबलमध्ये शिरतो. मी म्हटलं, आमच्या दादांचं काहीच भिंतीपलीकडे राहत नाही, एक दादा सोडून. मग त्याने सगळी केबल बदलली. नव्या केबलमध्ये पीळ घातलेल्या तारांच्या जोड्या आणि वरून चांदीच्या वर्खासारखं वेष्टण. गोंगाट म्हणे वेष्टणातच अडकतो. झकास. तुम्ही ज्वारी टाकलीत आणि नेटवर्कने पुन्हा मान टाकली.

आता कळलं की अडकलेला गोंगाट जमिनीत सोडावा लागतो, नाहीतर वेष्टण नुसतं शोभेचं. अर्थिंगला खड्डा खणला. मुरूम, खाली पाषाण. दुसरीकडे खणलं, तिथेही तेच. मीठ ओतलं, कोळसा ओतला. वाटणीत माझ्या पदरात काय पडलं ते अख्ख्या कंपनीने वाकून पाहिलं. आनंद म्हणाला, जमिनीत ओल हवी. त्यावर इंदुबाई (तुमची भावजय, आठवत असेल) म्हणाली, "ओल सगळी थोरल्यांच्या केळीखाली आहे. आपल्याकडे भाडं आहे."

तेही राहील असं दिसत नाही. महिनाअखेर सोय झाली नाही तर कंपनी खराडीला जाणार आहे. असो. तुम्हाला त्रास द्यायचा हेतू नाही, सहज खुशाली कळवली.

आपला,
कोंडीराम

ता. क. केळीच्या आळ्यालगत एक खड्डा मिळेल का? तुमच्याच गिरणीचा गोंगाट तुमच्याच जमिनीत मुरेल. मी मध्ये फक्त भाडं घेईन.

आणखी ता. क. चिकटवलेलं पाकीट फाडून लिहितोय. आनंदने कसलीशी पावडर भरून माझ्याच मुरमात अर्थिंग जमवलं. सकाळपासून तुमची गिरणी चालू आहे आणि यांचे कॉम्प्युटरही. कंपनी राहते आहे, तेव्हा खड्ड्याची गरज उरली नाही. तरी तो तुमच्याकडे घेऊच म्हणतो. उन्हाळ्यात अशा खड्ड्याला रोज बादलीभर पाणी घालावं लागतं, आणि तुमच्या गुडघ्यांना ते जमायचं नाही. मी येत जाईन. फाटकाला आतून कडी लावू नका.