मांजरीची मंडळी ठणठणीत

कसबा पेठ, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. स्वराली हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी फॅमिली ग्रुप सोडला, फोनही उचलत नाही, म्हणून तू काळजीत आहेस असं आपला आमोद म्हणाला. काळजी नको. तब्येत उत्तम आहे, फक्त डोकं फिरलंय. म्हणून हे ईमेलवर पत्र.

पुण्यात जीबीएसची, त्या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराची, साथ आल्यापासून ग्रुप कोण सांभाळत होतं? मी. रोज सकाळी काढ्याची कृती, पाणी कसं उकळायचं ते, आणि शेवटी मांजरीच्या घरच्या आई-आमोदच्या खुशालीची माझी ओळ: मांजरीची मंडळी ठणठणीत. लगेच सगळ्यांचे जोडलेले हात. मग तू ओसाकाहून दोनच ओळी टाकल्यास, पायांना मुंग्या आल्या तर काढे पीत बसू नका, डॉक्टर गाठा. झालं! रंगरावमामांनी तुला लाख मोलाची पोर ठरवलं आणि माझ्या काढ्याला कुणी विचारेना.

तेही गिळलं असतं. पण आईच्या पायांना मुंग्या आल्या, तेव्हा तिने ते तुला सांगितलं! तू आमोदला कळवलंस, त्याने तिला हॉस्पिटलात नेलं, आणि रिक्षाने तासाभरात पोचणाऱ्या मला कळलं ते ती ॲडमिट झाल्यावर. हॉस्पिटलात जाऊन आले, पण ती घरी परतल्यापासून मांजरीत पाऊल टाकलेलं नाही. टाकणारही नाही. दर रविवारी तिला डोक्यावरून न्हाऊ घालायला मी आणि गुपितं सांगायला तू. मला तुझा हेवा वाटतो, स्वराली. जेवण जात नाही इतका.

कळावे. लोभ सध्या आटला आहे, तुझा मात्र असू दे.
ताई

ओसाका
११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. लाख मोलाच्या पोरीचं इथे काय चाललंय ते ऐक. आमच्या इमारतीत फ्लू आला. इमारतीच्या ग्रुपवर एका घरातून ओळ आली, त्रासाबद्दल क्षमस्व, आम्ही काही दिवस लिफ्ट वापरणार नाही. कोण आजारी, काय हवं, कुणी विचारलं नाही. विचारणं इथे आगाऊपणा समजतात. मलाही ताप होता, मी तेवढंही लिहिलं नाही. आपल्याकडे एकाला शिंक आली की वीस जण उपाय सांगतात. त्या गोंगाटाचा मला हेवा वाटतो आणि दर रविवारी आईजवळ बसणाऱ्या तुझा तर फारच.

आता आईने घातलेली शपथ मोडते. तुझी ती रोजची ओळ ती चष्मा लावून वाचायची. मुंग्या आल्या त्या सकाळीही वाचली. ताईने साऱ्या गोतावळ्यात सांगून टाकलंय, आता मी अंथरूण धरलं तर लेक खोटी पडेल, असं ती मला म्हणाली. मी लांबची, माझ्याकडून बोभाटा होणार नाही, म्हणून मला सांगितलं. बाकी काही नाही गं.

रागाव माझ्यावर, पण मांजरीला जा.
लोभ आटला असेल तर भरून घ्यावा, ही विनंती.
तुझी,
स्वराली

मांजरी
१३ फेब्रुवारी

चि. स्वराली हिस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल आले. मला पाहताच आईने विचारलं, स्वरालीचा ताप उतरला का. म्हणजे तेही तिला ठाऊक! जळफळाट झाला, पण तिचे पाय मांडीवर घेतले. बायको गावाला गेल्यामुळे आमोद एकटाच सगळं करतोय, बिचारा दमलाय.

दुपारी रंगरावमामांचा फोन आला. सवयीने माझ्या तोंडून ठणठणीत निघणार होतं, ते आवरलं आणि फोन आईकडे दिला. तिने बरी आहे असं सांगून फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, की बरी कसली, पाय फार दुखतात, आणि पुन्हा चालता येईल की नाही याची भीती वाटते. मी रडले, तीही रडली. उद्या डॉक्टरांकडे नेते. ती चालेपर्यंत इथेच राहणार आहे.

आमोदला विचारलं, त्याला हे ठाऊक नव्हतं. तुला नव्हतं ना? आधी तुला सांगितलं नव्हतं ना तिने? नसेल तर तसं कळव. दोनदा कळव.

लोभ आहे, पण आज तुझ्यापेक्षा मला जास्त मिळाला.
ताई