दोन वचनं खाली

बाबा,

तुमचं बायबल आता माझ्याकडे आहे आणि तुम्ही त्याला बांधलेली ऑफिसातली पांढरी नाडीही अजून तशीच आहे. पुठ्ठा सुटला तेव्हा आई म्हणाली होती, यवतमाळला नेऊन नीट बांधून आणा. तुम्ही फाईलची नाडी गुंडाळलीत, गाठ मारलीत आणि म्हणालात, "कागद हालला नाही पाह्यजे, बस." बाभुळगावच्या कचेरीत तुम्ही कारकून होतात आणि देवाचं वचनही कारकुनासारखंच वाचायचात. साहेबांनी सुटा कागद पुढे केला तर त्यावर टिपण लिहायचं नाही, आधी अख्खी फाईल मागवायची, हा तुमचा हट्ट. घरी कुणी एखादं वचन सुटं काढून फेकलं की तुमचा प्रश्न ठरलेला असायचा: "आधार कुठी हाये? वर काय लिवलं, खाली काय लिवलं?" पाहुणे वैतागायचे, आणि खरं सांगायचं तर आम्हीही.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. नव्या वर्षाच्या उपासनेत स्टीलच्या डब्यातून प्रत्येकाने वचनाची चिठ्ठी काढायची, ती वर्षभर जपायची, ही आपल्या मंडळीची पद्धत. मला निघालं ते असं की देव तुला शेपूट नाही, मस्तक करील. मस्तक म्हणजे पहिला नंबर, हे मी तिथेच ठरवून टाकलं आणि घरी येऊन गणिताचं पुस्तक माळ्यावर टाकलं. तुम्ही ऑफिसला निघालेले, आई चुलीपाशी भाकरी थापते आहे. तुम्ही सायकल परत भिंतीला लावता, मला समोर बसवता आणि अख्खा अध्याय मोठ्याने वाचायला लावता. त्या वचनाच्या वर अट आहे, की आज्ञा मन लावून पाळल्या तर. आणि खाली शापांची एवढी लांब रांग, की गळवं, दुष्काळ, टोळ करता करता माझा आवाज बसला आणि भाकरी तोंडात फिरू लागली. आई म्हणाली, "लेकराले जेवू तरी द्या." तुम्ही म्हणालात, "अर्ध्या कागदावर जेवण्यापरीस उपाशी बरी." त्या दिवशी मला तुमचा मनापासून राग आला होता. पण पुस्तक माळ्यावरून खाली आलं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा धाकटा भाऊ. तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, हे तुम्ही पाहिलंत. त्याला शुगर झाली, हे पाहायला तुम्ही नव्हतात. यंदा त्याला चिठ्ठी निघाली की मी तुझी प्रार्थना ऐकली आहे, मी तुला बरं करीन. त्याने ती फ्रीजच्या दारावर चिकटवली आणि आतलं इन्सुलिन घेणं बंद केलं. मला पत्ता नाही. कंपनीच्या बुटाने पायाला फोड आला, फोडाची जखम झाली, जखम काळी पडायला लागली, तेव्हा त्याच्या बायकोने मला फोन केला. "ताई, मी बोलली का हे म्हन्ते, तुया विश्वास कमी हाये. आता तुमीच या."

मी गेले तर तो पलंगावर, पाय उशीवर, चेहऱ्यावर मात्र असं समाधान की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ताई, देवानं मले बरं करतो म्हनलं. मंग सुई घेतली त त्याच्यावर भरोसा नाही असंच झालं ना?" त्याला ओरडून काही होणार नव्हतं. तो लबाड नाही, आळशीही नाही. तो मनापासून विश्वास ठेवत होता, फक्त एका ओळीवर. मी तुमच्या बायबलची नाडी सोडली, फ्रीजवरच्या चिठ्ठीखाली बारीक अक्षरात लिहिलेला अध्याय काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. "मी नाही वाचत. तू वाच. वरपासून वाच."

त्याने वाचलं. राजा आजारी पडतो, संदेष्टा येऊन सांगतो की तू मरणार. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो. मग ते चिठ्ठीतलं वचन आलं आणि धाकट्याचा आवाज चढला. मी म्हटलं, "थांबू नको." दोन वचनं खाली तोच संदेष्टा सांगतो, अंजिरांची ढेप आणा, आणि लोक ती आणून राजाच्या गळवावर लावतात. मग राजा बरा होतो. धाकटा थांबला. परत वर गेला, परत खाली आला, अगदी तुमच्यासारखं बोट ठेवून. मग म्हणाला, "देव बरं करनारच होता, त अंजीर कायले लागले?"

"ते त्यालेच इचार. पन लावले ना? ऊठ, गाडीत बस."

एक बोट गेलं, बाबा. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर पाय गुडघ्यापासून गेला असता. आता तो सुई घेतो आणि ती घेण्याआधी प्रार्थनाही करतो. रोज संध्याकाळी मला फोन करून एक अध्याय वाचतो, मध्येच मलाच अडवतो, "ताई, ह्याले आधार कुठी हाये?" मला हसू येतं आणि रडूही येतं.

मी मात्र इथे थांबणार नाही. महिला मंडळात मी सांगून टाकलंय की पुढच्या वर्षी चिठ्ठीवर वचन राहणार नाही, नुसता अध्याय राहील. घरी जा, पूर्ण वाचा, तुमचं वचन तुम्ही शोधा. दोघी-तिघी रुसल्या. एक म्हणाली, "मंग चिठ्ठी काढाव कायले?" मी म्हटलं, वाचायला. पाळकसाहेबांनी विचार करतो म्हटलंय, म्हणजे त्यांना नको आहे. ठीक आहे. चिठ्ठ्या मी कापायला घेतल्यात. पुठ्ठे सुटेपर्यंत वाचणारी चार घरं जरी झाली, तरी मला पुरेत. देवावर विश्वास ठेवायचा तर तो काय म्हणाला हे पूर्ण ऐकून घेण्याचे कष्ट आपण करायला नकोत का?

आता हे पत्र नाडीखाली ठेवून देते. तुम्ही विचाराल, मेलेल्या माणसाला पत्र लिहायला आधार कुठे आहे? मी शोधला, बाबा, वर पाहिलं, खाली पाहिलं. कुठेच सापडला नाही. तरी लिहिलं.