स्तामाता हे नाव आणि पवनचक्कीजवळचे घर

मी, स्तामाता, वडिलांचे नाव वासिलिस, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, राहणार कार्पाथोस बेट, ग्रीस, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा सांगत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे.

१. आधी नावाचा खुलासा, कारण घराचे घोडे त्यावरच अडले आहे. स्तामाता म्हणजे 'थांब'. मी चौथी मुलगी. मुलींची रांग थांबावी म्हणून आईने हे नाव ठेवले. मी नकोशी होते, यापलीकडे त्याला मूळ नाही. माझ्या पाठीवर भाऊ झाला, मिनास, आणि नावाला भाव आला. मुलींना कंटाळलेल्या बायकांनी गावात आणखी तीन स्तामाता केल्या. एक अमेरिकेत जाऊन टीना झाली, दोघी वारल्या. आता मी एकटीच.

२. आमच्याकडे आईचे घर थोरलीला मिळते, आणि ती आपल्या थोरलीला आजीचे नाव देते. जिचे नाव, तिचे घर. धाकट्यांनी तिच्या शेतात राबायचे. मी रिगोपूलाताईकडे राबले, त्यात लग्न राहून गेले. तिची सोन्याच्या नाण्यांची माळ दर सणाला मी घासली, गळ्यात एकदाही घातली नाही. ते घासायचे फडके तिला द्यावे.

३. मिनासला काही नाही. तो मुलगा म्हणून जन्मला, तेवढे त्याला पुष्कळ झाले. त्याच्या शेळ्यांना माझ्या अंजिराची सावली मात्र असू द्यावी. त्यांचा काही दोष नाही.

४. पवनचक्कीजवळचे दोन खोल्यांचे घर मी माग चालवून बांधले. ताईची मुलगी सेवास्ती हिला उन्हाळ्यात दुसरी मुलगी झाली. पहिलीला आजीचे नाव मिळाले, म्हणजे मोठे घरही तिचेच. दुसरीचा बाप्तिस्मा व्हायचा आहे, नाव त्यातच ठेवतात. तोवर सगळे तिला 'बाळी' म्हणतात. परवा सेवास्ती तिला घेऊन आली. म्हणाली, "मावशी, हिला तुझंच नाव ठेवते. म्हणजे घराचं रीतीनं होईल."

मी विचारले, "आणि उद्या पोरीनं नावाचा अर्थ विचारला तर?"

ती बाळीचे टोपडे सारखे करत बसली. मला तिचा राग आला नाही, वाईट वाटले. पोरीच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून बिचारी हे नावही घ्यायला तयार झाली.

५. म्हणून घर, माग आणि अंजीर या बाळीला, बाप्तिस्म्याच्या आधीच. नाव कोणतेही ठेवा, फुलाचे ठेवा, समुद्राचे ठेवा. स्तामाता ठेवलेत तर घर चर्चला जाईल. पाद्रीबाबांनी मात्र आशा धरू नये. नोटरीसाहेब म्हणाले, "आजी, जिला नावच नाही, तिला घर कसं देणार?"

मी म्हटले, "मला नाव होतं. मला कुणी दिलं?"

त्यांनी पुढे लिहून घेतले.

६. नावावर माझा राग नाही. आई याच नावाने जेवायला हाक मारायची. थडग्यावर ते पूर्ण कोरावे, दुसऱ्या कोणाला देऊ नये.

साक्षीदार: निकितास, कॉफीखान्याचा मालक, इरिनी, शिक्षिका, कोस्मास, सुतार. तिघांनी वाचून, माझ्यासमोर सह्या केल्या.

कार्पाथोस, १४ ऑक्टोबर १९८७

सही: स्तामाता
(या नावाची बेटावरची ही शेवटची सही ठरो.)