नमुन्याचा हात

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या चपला पोचल्या. जरा घट्ट होतात, पण तुझी निवड म्हणून दोन दिवस लंगडत घातल्या. चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, तेव्हा शेवटी काढून ठेवल्या. रागावू नकोस.

आता लिहिण्याचं खरं कारण. रविवारी खारूला घेऊन तुमचा सिनेमा पाहिला. ज्या खाडी पोहून जाणाऱ्या बाईवर तो काढलाय, ती म्हणजे आमच्या लेकीचं दैवत, हे तुला ठाऊकच आहे. वर्तमानपत्रात तिचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोरगी नाचली होती, की ही तर अगदी माझ्यासारखी काळी आहे. त्यात रंगभूषा मावशीची, म्हणून महिनाभर वर्गात नुसता तोरा.

पडद्यावर नटी आली, तशी खारूने माझ्या कानात विचारलं की ही कोण. मी म्हटलं, हीच ती पोहणारी. ती म्हणाली, ही तर साबणाच्या जाहिरातीतली गोरी बाई, हिला रंग फासलाय. शेवटी नटी पाण्याबाहेर येते ना, तेव्हा तिच्या कानामागचा रंग उतरलेला दिसतो. तो वर्गातल्या मुलींनीही पाहिला. दुसऱ्या दिवशी एकीने ओला रुमाल घेऊन खारूची मान घासून बघितली, तुझाही निघतो का म्हणून. सगळ्या हसल्या. खारूही हसली म्हणे. मला सांगितलं तेही हसतच.

तेव्हापासून ती तलावावर गेलेली नाही. आधी कान दुखत होता, मग पोट. पोहण्याच्या बाईंचा निरोप आला की एप्रिलच्या शर्यतीची तयारी सुरू झाली, पोरगी कुठाय? काल मी खनपटीलाच बसले, तेव्हा म्हणाली की उन्हात पोहून मी आणखी काळी होते, आणि एवढं करून उद्या माझ्यावर सिनेमा निघाला तरी त्यात मी नसणारच.

तूच तिला चार ओळी लिही. तुझं ऐकते ती, निदान अजून तरी.

जेवणाच्या वेळा सांभाळ. आमची माया आहे तेवढीच आहे, तू ती विसरू नकोस.

तुझी ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. नटी काय मी निवडली? निर्माते म्हणतात, ओळखीचा चेहरा नसेल तर तिकीट कोण काढणार. दिग्दर्शक म्हणतात, अभिनय बघा, कातडी काय बघता. आम्ही रंगभूषावाले पेटी घेऊन सगळ्यांच्या शेवटी येतो आणि सांगतील ते करतो. असं सगळं दीड पान लिहिलं आणि फाडून टाकलं.

कारण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नव्हती. नटीला पोहता येत नाही. पाण्यातलं सगळं काम दुसऱ्याच एका मुलीने केलं. शर्यती पोहणारी आहे, रंगाने थेट आपली खारू. दुरून दोघी एक दिसाव्यात, म्हणून रोज सकाळी मी तिला खिडकीपाशी बसवायचे, तिचा हात उजेडात धरायचे आणि त्यावरून नटीसाठी रंग कालवायचे. म्हणजे नमुना तिचा हात. एकदा तिने विचारलं, की रंग माझ्या हातावरून घेता, तर मग तोंडही माझंच का नाही घेतलं? मी म्हटलं, हलू नकोस, उजेड बदलतोय.

कानामागचा उतरलेला रंग पुन्हा लावायचा राहून गेला, ती चूक माझी. आणि माझी मजल बघ, पत्र वाचताना आधी तेवढंच लागलं, की काम कच्चं राहिलं. ओल्या रुमालाचं नंतर लागलं.

शाळेच्या फोटोच्या दिवशी, तू उजळ दिसावीस म्हणून मी तुझ्या तोंडाला पावडर थापली होती, आठवतं? मी दुसरीत असेन. पोरीचा हात चांगला आहे म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. तुला काय वाटलं, हे मी आजवर विचारलं नाही. आज विचारते.

खारूसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. त्यात त्या मुलीबद्दल सगळं खरं लिहिलंय.

रागवायचं तर पोटभर रागव, पण पत्र बंद करू नकोस.

तुझी धाकटी

२४ फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न. वि. वि.

आईने बसवलं म्हणून नाही, मी आपणहून लिहितेय. तुला वाटलं असेल की पोहणारी मुलगी माझ्या रंगाची होती हे कळल्यावर मला बरं वाटेल. उलट जास्त राग आला. पोहायचं तिने, कुडकुडायचं तिने आणि टाळ्या दुसरीला? सिनेमा संपल्यावर आई उठली, तरी मी दिवे लागेपर्यंत नावं वाचत बसले होते, तुझं नाव दिसावं म्हणून. तुझं होतं. पाण्यात पोहणारी म्हणून कुणाचंच नव्हतं. मग आम्हाला कळणार कसं?

मला तिचा पत्ता पाठव. ती अजून पोहते का, ते विचारायचंय.

तब्येतीला जप हे मनापासून लिहिलंय, बाकी राग आहेच.

खारू

१८ मार्च

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तिच्या नावासाठी निर्मात्यांच्या कचेरीत चार चकरा मारल्या. पद्धत नाही म्हणाले.

मध्यंतरी नव्या सिनेमाचं बोलावणं आलं. सावळ्या शिक्षिकेची गोष्ट, आणि नटी पुन्हा तीच. मी सांगितलं की रंग मी कालवणार नाही, तशा मुली चाचणीच्या रांगेत मी स्वतः पाहिल्यात, त्यांतली एक घ्या. दिग्दर्शक हसून म्हणाले, तुझ्या जागी सोमवारपर्यंत दुसरी मिळेल. शनिवारीच मिळाली. शिक्षिकेचा सिनेमा तयार होतोय, माझ्यावाचून काही अडलं नाही. मी सध्या एका नाटकमंडळीत नटांचे केसांचे टोप विंचरते. मोठं शौर्य केलं असं समजू नकोस. त्यांना हे सांगायला उशीर केला, एवढंच.

राग असला तरी लिहीत जा, मला तेवढं पुरे आहे.

तुझी मावशी

१० एप्रिल

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

त्या मुलीचं खारूला उत्तर आलं, चांगलं चार पानी. ती रोज पोहते. सिनेमा तिनेही पाहिला, आईला शेजारी बसवून. लाटांमध्ये नुसता एक हात वर आला, तर तिची आई भर थिएटरात ओरडली की ही माझी पोर. पुढच्या रांगेतल्यांनी वळून गप्प बसवलं. खारूने ती ओळ मला तीनदा वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी उचलून तलावावर गेली. वर्गातली चेष्टा थांबलेली नाही. हल्ली मात्र ती हसत नाही, सरळ रुमाल हिसकावून घेते. दोन जमलेत.

पावडरीचं विचारलंस. मला आवडली होती गं. दिवसभर तोंड धुतलं नाही मी. खारूला हे अजून सांगितलेलं नाही, पण सांगणार आहे.

खाली तिला दोन ओळी लिहायच्या आहेत म्हणून थांबते. आमच्या घराचं दार तुला कायम उघडं आहे.

ताई

मावशी, शर्यतीत पाचवी आले. पुढची मे महिन्यात आहे. तू ये. राग अजून गेलेला नाही, तो पत्रातून निघत नाही, समोर बसूनच काढायचाय. खारू