आबांचं बोट

मंगळवार, संध्याकाळ

विकास आराखड्यात मोठा बदल करण्याआधी मतदान घ्या, या अर्जावर आठवडाभर सह्या गोळा करतेय. आज घरी नकाशा उघडला. रोडपालीच्या आमच्या शेतावर हिरवा रंग आहे, म्हणजे बागेचं आरक्षण. ते उठलं तर शेत विकता येईल. आबांनी हिरव्यावर बोट ठेवलं.

"आबा, मत काय द्याल?"

"मना काय कलतंय? शिकलीस तू. तू सांगशील तं बटन दाबू."

आई भावाकडे बघून हसली. "आमी सगलीच!"

म्हणजे घरातली चारही मतं माझीच? मग लोकांना विचारा, असं मी कुठल्या तोंडाने सांगतेय? मला तर बाग हवी आहे. आबांना काय हवंय, ते पुन्हा विचारायला हवं होतं. घाबरले का मी?

नकाशा गुंडाळायला घेतला, तरी त्यांचं बोट तिथेच होतं.