शून्य आठ गुंठे

मुरबाड,
ता. ११ मे २००८

तीर्थरूप सकुआत्या,

जगनचं डोकं तुझ्या पायांवर. इकडे आम्ही सगळे धडधाकट, फक्त पंखा आजारी आहे. तुझा गुडघा कसा आहे? लाल कोंबडी परत खुडूक बसली का? आणि यंदा उंदरांचा काही बंदोबस्त केलास की नाही? गेल्या वर्षी मेल्यांनी सगळं बी खाल्लं म्हणालीस, खाचर ओस पडलं होतं तुझं, मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही म्हणून हे पत्र. प्रेमावहिनी वाचून दाखवेल. (वहिनी, कंसातलं मोठ्याने वाचायचं नाही हं, ते फक्त तुझ्यासाठी. सासू विचारेल, गप्प का झालीस, तर खोकून दाखव.)

मंगळवारी तू डोळखांबच्या एसटीत बसलीस, तेव्हापासून मी भेटेल त्याला तुझं कौतुक सांगत सुटलोय. चहावाला आता मला बघून तोंड फिरवतो. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझं मुरबाडातलं अन्नपाणी तू वाचवलंस, आणि तेही कॉम्प्युटरला बोट न लावता! वहिनीला काही ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

वहिनी, आमच्या बियाणे केंद्राचं कॉम्प्युटरवरचं पान गेल्या वर्षी मी एकट्याने बांधलं. खिडकीवरचा विठू सातबारा बघून त्यात गुंठे टाकतो, पान हिशोब करतं, चिठ्ठी छापतं, आणि चिठ्ठीवर असेल तेवढंच भाताचं बियाणं गोदामातून मिळतं. चिठ्ठीपुढे कोणाचं काही चालत नाही. (याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू! लग्नात आहेर मांडून दाखवावा तसं मी ते पान लोकांना दाखवायचो.) तर वर्षभर कुजबुज चाललेली, की काही जण रिकाम्या हाताने परत गेले. मी म्हटलं, त्यांचे कागद खोटे असतील. चेअरमन धाऊशेठ मात्र ऐकेनात. म्हणाले, रोहिणी लागायच्या आत पान खरं आहे हे सिद्ध करून दाखव, नाहीतर आमची वही बरी, आणि तू एमआयडीसीत पॅकिंगला लाग.

आता पान खरं आहे हे सिद्ध कसं करतात? त्याला युनिट टेस्टिंग म्हणतात. पानाचा एकेक तुकडा सुटा काढायचा, त्याला ठरलेला प्रश्न घालायचा, ठरलेलं उत्तर येतं का बघायचं. सगळी उत्तरं बरोबर आली तर वर हिरवी पट्टी, एक जरी चुकलं तर लाल. हे करणारा तयार प्रोग्रॅम मी कल्याणहून पेनड्राइव्हवर आणला. पण माझ्या पानात सुटा तुकडाच सापडेना! गुंठे वाचणं, हिशोब, चिठ्ठी छापणं, सगळं एकात एक कालवलेलं. एक प्रश्न घातला की प्रिंटर चिठ्ठी ओकायचा. दोन दिवसांत कागदाचं एक बंडल संपलं आणि धाऊशेठचा आवाज चढला.

त्याच दिवशी तू डोळे तपासायला आलीस, आत्या. डॉक्टरकडून आल्यावर माझं रडगाणं ऐकलंस आणि म्हणालीस, "एक डोला झाकून दुसरा बघतात बाबा. दोनी उघडे ठेवले तं कंचा आंधला, कसं कलेल?" मी म्हटलं, हिला काय कळतंय! पण रात्री जेवताना घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी छपाई झाकून ठेवली आणि नुसता हिशोब बाहेर काढला. चोवीस चाचण्या लिहिल्या. पट्टी हिरवीगार! बायकोला म्हटलं, पेढे आण.

पेढे खाताखाता तू विचारलंस, "सगलंच हिरवं? माज्या गोणपाटात शंभराला शंभर कदी उगवलं नाय." (वहिनी, तुम्ही पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून किती उगवले ते मोजता ना, ते.) मग म्हणालीस, एक दाणा उकडून टाक त्यात, तोही उगवला म्हणून सांगितलं तर मोजणाराच आंधळा समज. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तरी तुझं मन राखायला पानात मुद्दाम खोट घातली: गुंठ्याला अर्धा किलोऐवजी पाच किलो. पट्टी हिरवीच! हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला. ठरलेली उत्तरं मी स्वतः लिहिलीच नव्हती, प्रत्येक चाचणी ती दर वेळी त्याच पानाला विचारून घेत होती ना! चोरालाच विचारायचं, चोरी केलीस का रे, आणि तो नाही म्हणाला की पेढे वाटायचे. मग तू बोटांच्या पेरांवर हिशोब केलास, मी उत्तरं हाताने लिहिली. खोट होती तोवर पट्टी लाल, खोट काढल्यावर हिरवी. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

आणि मंगळवारी! पिशवी काखेला मारून तू दारात उभी, एसटीची वेळ झालेली, आणि मागे वळून म्हणतेस, "जगन्या, पाच, धा, वीस, हे तुजे लाडाचे आकडे. सातबारावर असं रातं का? विठू कागदावर दिसंल तसं मारतो. शून्य आठ टाक." मी हसत टाकलं. लाल! शून्य सात टाकलं, हिरवं. शून्य नऊ, लाल. आठ गुंठेवाल्याला आणि नऊ गुंठेवाल्याला माझं पान शून्य किलो बियाणं देत होतं! आकड्याच्या पुढे शून्य दिसलं की हे यंत्र एका वेगळ्याच मोजणीत शिरतं, आणि त्या मोजणीत आठ आणि नऊ हे अंक जन्मालाच आलेले नाहीत. दहाच्या मोजणीने वाच, एवढं सांगायचं मी विसरलो होतो. एक दहाचा आकडा घातला आणि काम झालं. परवा धाऊशेठनी स्वतः शून्य आठ टाकून बघितलं आणि पान यंदाही चालू ठेवा म्हणाले. आत्या, तुझ्यासारखं डोकं आख्ख्या तालुक्यात नाही. अगं, शाळेचं तोंड न बघता तुला हे सुचलं कुठून?

सगळ्यांना नमस्कार, कोंबडीला सुद्धा.

तुझा,
जगन

ता. क. येणाऱ्याबरोबर नाचणीचे पापड पाठव.

ता. क. दोन. तू सांगितल्याप्रमाणे तुझा चष्मा आणायला गेलो. डॉक्टर म्हणाले, कसला चष्मा? बाईंनी तक्त्यावरच्या सगळ्यात खालच्या बारीक खुणासुद्धा बोटाने धडाधड दाखवल्या. मग चार दिवस तू मुरबाडात कशासाठी राहिलीस?

ता. क. तीन. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. डॉक्टरकडून येऊन मी गेल्या वर्षीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला. शून्य किलोच्या अकरा निघाल्या. त्यातली एक सकुबाई, क्षेत्र शून्य आठ, अंगठा. मी त्या दिवशी कल्याणला होतो. रांगेत ओरडली असतीस तर सगळ्यांसमोर माझी अब्रू गेली असती, म्हणून तू गप्प घरी गेलीस आणि आळ उंदरांवर घातलास. तो उंदीर मीच गं. तुझं चार किलो बियाणं बाजूला काढलंय, शनिवारी घेऊन येतो. बाकी दहा जणांचंही आणतो. त्यांचे कागद खोटे, असं मी वर्षभर म्हणत होतो, आता एकट्याने त्यांच्या दारात जायची हिंमत होत नाही. गुडघा बरा असेल तर माझ्याबरोबर चलशील का?

(वहिनी, हा कंस मात्र मोठ्याने वाच. आत्या, चुकलं माझं.)